तबकडीच्या शेवटी रातकिडा

"टीव्ही चालूच राहिलाय वाटतं," आमच्या विभागातली सगळ्यात धाकटी कुमे म्हणाली. मी सोबाच्या शेवयांच्या वाडग्यातून मान वर काढून पाहिलं. कोपऱ्यातल्या फळीवरचा टीव्ही काळाठिक्कर होता. चित्र नाही, आवाज नाही, काही नाही. मालकीणबाई आतून ओल्या हातांनी आल्या आणि टीव्हीच्या मागे डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की. सकाळी कॅसेट लावली होती, ती संपली आणि बंद करायचं राहूनच गेलं. तुला कसं कळलं गं?" "बारीक शिट्टी वाजतेय ना," कुमे म्हणाली, "आल्यापासून टोचत होती." मालकीणबाईंनी हात लांब करून बटण दाबलं. कुमेचे खांदे खाली आले, "हं, आता कसं बरं वाटलं," असं म्हणून तिने उरलेला सोबा सुर्रकन ओढला. मी अजून टीव्हीकडेच बघत होतो. बटण दाबण्याआधीचं हॉटेल आणि दाबल्यानंतरचं हॉटेल यात माझ्यासाठी तसूभरही फरक पडला नव्हता. आमचा विभागप्रमुख होरिए, वयाने माझ्याहून लहान, समोर बसला होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आम्हाला नाही बुवा काही ऐकू आलं. उराबेसानना आलं असणार, ते बोलत नाहीत इतकंच." मी हसलो. हसणं म्हणजे काही होकार नव्हे, पण नकारही नव्हे, आणि होरिएला तेवढं पुरतं. माझं वय त्रेपन्न. मी किरिहाता कंपनीत एकतीस वर्षं ऐकण्याचं काम करतो.

ती शिट्टी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. टीव्हीच्या पोटात चित्राच्या रेघा ओढणारी एक गुंडाळी असते, ती सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा थरथरते, त्याची ती शिट्टी. मुलांना ऐकू येते, तरुणांना येते, पुढे कधीतरी येईनाशी होते. पुस्तकातून हे कळायच्या आधी मला ती गल्लीतून कळली होती. नुमाझूच्या आमच्या आळीत तेव्हा एकच टीव्ही होता, भातगिरणीच्या मालकाकडे, आणि तो मालक चिक्कू होता, आम्हा पोरांना अंगणात उभं राहू द्यायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असायचं. मी बारा वर्षांचा. मासळीवाल्याच्या कोपऱ्यावर उभा राहून मी नुसता कान द्यायचो आणि म्हणायचो, लागला. की सगळी पोरं धूम ठोकायची. गिरणीवाल्याने दारं लावून, आवाज बंद करून टीव्ही पाहिला तरी मला कळायचं. त्याने शेवटी वैतागून माझ्या आईकडे तक्रार केली की तुमचा मुलगा भिंतीतून चोरून ऐकतो. आईने मला त्याच्यासमोर एक धपाटा घातला आणि तो गेल्यावर हसू आवरेना म्हणून तोंडाला पदरासारखी बाही लावली. तिची ती निळी बाही मला आज हॉटेलात जेवण संपवून उठेपर्यंत दिसत राहिली.

याच शिट्टीने मला नोकरी दिली. मुलाखतीला मी इस्त्रीचा उसना कोट घालून आलो होतो. टेबलापलीकडे इनागाकीसान होते. किरिहाताच्या प्रत्येक यंत्राचा आवाज शेवटी त्यांच्या कानांवर ठरायचा. त्यांनी माझा अभ्यास, गुण, वडील काय करतात, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "या खोलीत काय काय चालू आहे ते सांग." मी म्हणालो, दिव्याची नळी, तुमचं मनगटी घड्याळ, आणि भिंतीपलीकडे एक टीव्ही. त्यांनी माणूस पाठवून बघितलं. पलीकडच्या दुरुस्तीच्या खोलीत एक टीव्ही आवाज बंद करून तापत ठेवलेला होता. इनागाकीसान म्हणाले, "मला स्वतःला तो ऐकू येत नाही. सोमवारपासून ये." त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी कधी नीट ऐकलाच नव्हता. एकतीस वर्षं मी फक्त सोमवारपासून ये एवढंच ऐकत आलो, हे आज हॉटेलातून बाहेर पडून पायात बूट सरकवताना माझ्या लक्षात आलं आणि मी एका पायावर तसाच थांबलो. "चला की," होरिए म्हणाला, "तीन वाजता नव्या अॅम्प्लिफायरवर शिक्का मारायचाय तुम्हाला. आज तो बसला की मी सुटलो, कारखाना सुटला, सगळ्यांचं दिवाळं वाजायचं थांबलं."

हॉटेल ते कंपनी चालत सहा मिनिटं. झोशिकीच्या या गल्ल्यांत पूर्वी दर दुसऱ्या शटरआड कुणीतरी आमच्यासाठी काहीतरी करत असायचं, कुणी तारा गुंडाळायचं, कुणी बटणं घासायचं, कुणी लाकडी पेट्यांना लाख लावायचं. आता दहा शटरांत दोन उघडी. म्हातारे किरिहाता युद्धातून परत आले तेव्हा त्यांच्याकडे सैन्याने टाकलेल्या तांब्याच्या तारेचं एक भेंडोळं होतं आणि जळून राहिलेल्या घराची एक भिंत, त्या भिंतीला पत्रा टेकवून त्यांनी रेडिओची रोहित्रं गुंडाळायला सुरुवात केली. पुढे रेडिओ. मग पाय असलेले ते भले मोठे लाकडी रेडिओग्राम, लोक ते बैठकीत ठेवून वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर बाहुली ठेवायचे. मी आलो तेव्हा लोकांना तेही पुरेनासं झालं होतं. प्रत्येक गोष्ट वेगळी हवी होती, तबकडी फिरवणारं वेगळं, वाढवणारं वेगळं, बोलणारं वेगळं. जेमतेम सहा चटया मावतील अशा खोलीत राहणारी पोरं आपल्या गादीपेक्षा मोठे स्पीकर घेऊन जायची आणि त्यांच्या मधोमध पाय पोटाशी घेऊन झोपायची. दर महिन्याला निघणाऱ्या जाडजूड मासिकांत आमच्या आवाजाचं वर्णन करायला लोक पदरची विशेषणं खर्च करायचे. मग आवाज खिशात मावायला लागला, आणि पोरांना तो खिशातच बरा वाटला. कारखाना मलेशियात गेला. इथे उरलो आम्ही तीसजण आणि एक ऐकण्याची खोली. नवा अॅम्प्लिफायर, ज्याचा आवाज आज ठरायचा होता, तो किरिहाताचा घरात वाजवायचा शेवटचा अॅम्प्लिफायर असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

चालताना मी आपलं मन दुसरीकडे वळवून बघितलं. कंपनीतल्या वार्षिक तपासणीत माझे कान दरवर्षी उत्तम येतात. ती नर्स बाई कानाला हेडफोनचं टोपण लावते, दोन स्वर वाजवते, एक हजार आणि एक चार हजार, दोन्ही ऐकू आले की कागदावर लिहिते, दोष नाही. देशभर असंच लिहितात. कागद घरी आणून मी फ्रिजवर लोहचुंबकाने लावतो, माझी बायको फुसाए बघते, "यंदाही तुमचे कान पोरासारखे," असं म्हणते आणि मला बरं वाटतं. आता मी या धंद्यातला माणूस. चार हजारांच्या वर काय काय राहतं हे मला कळत नाही असं थोडंच आहे? झांजेची किनार तिथे असते, तार छेडताना नखाचा जो कण असतो तो तिथे असतो, खोलीतली हवा तिथे असते. आमच्या प्रयोगशाळेत हवा तो स्वर काढून देणारं यंत्र माझ्या टेबलापासून दोन पावलांवर आहे. मी त्यावर स्वतःला शेवटचं तपासलं तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. त्यानंतरच्या बारा वर्षांत मी त्या यंत्रावर वह्यांचा गठ्ठा ठेवत आलो. कुणी विचारलं असतं तर जागा नाही म्हणून असं सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

ऐकण्याच्या खोलीत मधोमध एकच खुर्ची आहे. आधी ती इनागाकीसानांची होती, चौतिसाव्या वर्षापासून माझी. बाकीचे मागे भिंतीपाशी उभे राहतात. रीत अशी की खुर्चीतला माणूस बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि तो बोलल्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. मी कागदावर काय ऐकलं ते लिहितो, खाली माझ्या नावाचा शिक्का मारतो, मग होरिए, मग ओळीने बाकीचे, शेवटी कुमे. धाकट्याने शिक्का जरा डावीकडे कलता मारायचा, वरच्याच्या शिक्क्यापुढे वाकल्यासारखा. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण सरळ मारलेला शिक्का लगेच डोळ्यांत भरतो. कुमेचा शिक्का सरळही नसायचा. तो फिकट असायचा. इतका फिकट की नाव वाचायला कागद उजेडात धरावा लागे. मी तिला दोनदा सांगितलं होतं की पोरी, शाईचा डबा कंपनीचा आहे, हात आखडता घेऊ नकोस. ती "हो" म्हणाली होती आणि पुढचाही शिक्का तसाच.

तबकडीही तीच, दर वेळी. कोतोची, म्हणजे त्या लांबलचक आडव्या तंतुवाद्याची. अडुसष्ट साली इनागाकीसानांनी स्वतः ओकुतामाच्या एका देवळात ध्वनिमुद्रित केलेली, वाजवणारी बाई तेव्हाच म्हातारी होती. शेवटची तार छेडून ती हात उचलते, तारेचा आवाज विरत विरत लाकडात जातो, देवळातली शांतता येते, आणि त्या शांततेत बाहेर गवतात कुठेतरी एक रातकिडा तीनदा वाजतो. इनागाकीसान म्हणायचे की कोतो तर कुठलंही यंत्र वाजवेल, आपलं यंत्र रातकिडा कुठे बसलाय ते सांगतं का बघ. डावीकडे, खाली, उंबऱ्याच्या पलीकडे. मी त्या रातकिड्याला माझ्या आयुष्यात काही हजार वेळा भेटलो असेन. गेल्या काही महिन्यांत नव्या यंत्रावर तो मला जरा मागे सरकल्यासारखा वाटत होता, म्हणून मी दर खेपेला आतला एक भाग बदलायला सांगून वरचे स्वर थोडे उजळ करून घेत होतो. थोडं अजून. अजून थोडं. मग तो आला, आपल्या जागी, तीनदा. चौदा कागदांवर मी लिहिलं होतं, रातकिडा स्पष्ट, अंतर बरोबर.

आजही मी खुर्चीत बसलो. कुमेने तबकडी लावली आणि मागे गेली. म्हातारी वाजवायला लागली. एरवी मी डोळे मिटतो, आज उघडे ठेवले, कारण मिटले की तो काळाठिक्कर टीव्ही समोर यायचा. तार कुठे सुरू होते ते ऐकत होतो, बोटाला लावलेली ती हस्तिदंती नखी तारेला लागते ते ऐकत होतो, आणि मध्येच वाटलं की मी हे ऐकतोय की आठवतोय? पाठ असलेली गोष्ट कुणी हळू आवाजात वाचू लागलं तर आपल्याला शब्द अन् शब्द ऐकू येतो, आपण मनात पुढचा म्हणत असतो म्हणून. मला इनागाकीसान आठवले, पन्नासाव्या वर्षी याच खुर्चीतून उठलेले. त्याच्या आधी काही दिवस आम्ही दोघं नदीच्या बांधावर डबा खात बसलो होतो. ते म्हणाले, "उराबे, समजा मला ऐकू येईनासं झालं. तू मला सांगशील?" मी म्हणालो, "तुमच्यावर ती वेळ येणारच नाही, इनागाकीसान." ते बराच वेळ हसले. म्हणाले, "म्हणजे नाही सांगणार." पुढच्या आठवड्यात त्यांनी खुर्ची मला दिली आणि यामानाशीला जाऊन पर्सिमनची बाग करायला लागले. आम्ही सगळे म्हणालो, माणूस विक्षिप्तच, ऐन भरात सोडून गेला. दर शरद ऋतूत त्यांची पर्सिमनची पेटी यायची, चिठ्ठीत फक्त फळांबद्दल लिहिलेलं असायचं. मला त्यांचा रागही आला होता कधीकधी, मला एकट्याला या खुर्चीत टाकून गेले म्हणून.

शेवटची तार वाजली. विरली. शांतता आली आणि तिच्यात रातकिडा वाजला, डावीकडे, खाली, तीनदा. मी कागद पुढे ओढला, लिहिलं, रातकिडा स्पष्ट, अंतर बरोबर, आणि शिक्क्याचं टोपण काढलं. होरिएने मागे सोडलेला श्वास मला ऐकू आला. एवढं मात्र छान ऐकू येतं. शिक्का शाईत टेकवला आणि मग मी, एकोणीस वर्षांत प्रथमच, खुर्चीत वळून मागे पाहिलं. कुमे जमिनीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण नदीच्या बांधावर तोच चेहरा मी केला होता.

"कुमे," मी म्हणालो, "रातकिडा किती वेळा वाजला?"

"तीनदा," होरिए म्हणाला.

"मी कुमेला विचारलं."

मी थांबलो. या खोलीत थांबायची सवय सगळ्यांना आहे. मग ती इतक्या हळू बोलली की बाहेर कुठे असती तर वाहून गेलं असतं. "उराबेसान, या तबकडीत रातकिडा नाहीये."

"म्हणजे?"

"जुन्या मोठ्या तबकडीत आहे. ती झिजली म्हणून एप्रिलपासून आपण सीडी लावतोय ना. दुकानांना वाटायला केलेली. ती करताना शेवटची वीस सेकंदं कापलीत. शेवट फार लांबतो म्हणून."

मी होरिएकडे बघितलं. तो कानशिलापर्यंत लाल झाला होता. "तुला कुठून तीनदा ऐकू आला रे?" मी विचारलं. तो बिचारा खरं बोलला. म्हणाला, "तुम्ही दर वेळी लिहिता, म्हणून मला वाटायचं, येत असेल आपल्यालाही."

खोलीत कुणी हसलं नाही. मला मात्र हसू येत होतं. चौदा कागद, प्रत्येकावर चार शिक्के, सगळे माझ्यापुढे वाकलेले, आणि नसलेल्या रातकिड्याची ग्वाही देणारे. मला लाज वाटली. भीतीही वाटली, कारण मला तो आत्ताही ऐकू येत होता, म्हटलं तर लगेच, डावीकडे, खाली. मी कुमेला विचारलं, "आणि यंत्र? आवाज कसाय?" ती म्हणाली, "वरती तिखट आहे." "कधीपासून?" "सातव्या खेपेपासून. मग दर वेळी थोडं वाढत गेलं. आता तर म्हातारीची नखी कानाला लागते." "मग शिक्का का मारलास?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "फिकट मारला," ती म्हणाली.

मी उठलो आणि प्रयोगशाळेत गेलो. वह्यांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला, यंत्रावरच्या धुळीत गठ्ठ्याएवढा चौकोन स्वच्छ राहिला होता. कुमे मागोमाग आली. मी कानांना टोपण लावून भिंतीकडे तोंड करून बसलो आणि तिला म्हणालो, खालून चढवत ये, ऐकू येईल तोवर मी बोट वर ठेवतो. पाच हजार. सहा. सात. आठ हजारांवर स्वर एखाद्या लांबच्या खोलीत गेल्यासारखा झाला. नऊ हजारांच्या अलीकडेच मी बोट खाली घेतलं. भिंतीवरचा चुन्याचा एक पोपडा समोर होता, तो मी बघत राहिलो. तिचा हात बटण फिरवत होता हे मला तिच्या बाहीच्या सळसळीवरून कळत होतं. ती बऱ्याच वेळाने थांबली तेव्हा मी विचारलं, "कुठवर गेलीस?" "सतरा," ती म्हणाली, आणि घाईघाईने पुढे म्हणाली, "त्रेपन्नाव्या वर्षी हे अगदी नेहमीचं आहे, उराबेसान." मी म्हणालो, "मला माहितीये. पुस्तक मीच शिकवलंय तुला."

परत येऊन मी ते चौदा कागद काढले. लिहिण्यात चूक झाली की आम्ही खोडरबर वापरत नाही, ओळीवर दोन आडव्या रेघा मारतो आणि वर एक लहान शिक्का असतो तो मारतो, चूक माझी आणि दुरुस्तीही माझीच असं सांगणारा. तो लहान शिक्का माझ्या खणात इतका मागे गेला होता की शोधायला वेळ लागला. चौदा ओळी खोडल्या, चौदा लहान शिक्के मारले. पंधरावा कागद, आजचा, तोही खोडला. होरिए दारात उभा. "म्हणजे आज होत नाही?" "नाही." "उराबेसान, वर्षअखेरीच्या आत काम मलेशियाच्या कारखान्यात गेलं नाही तर वरचे लोक हा अॅम्प्लिफायरच गुंडाळतील. मी हे घाबरवायला नाही म्हणत." "ठाऊक आहे." "मग मी त्यांना काय कळवू?" मी म्हणालो, "खरं ते कळव. ऐकणारा बदलला." त्याने माझ्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं, मान खाजवली आणि म्हणाला, "माझी तरी पंचाईत टळली. रातकिडा शोधून शोधून डोकं दुखायचं माझं."

कुमे खुर्चीत बसायला तयार होईना. उभी राहूनच ऐकते म्हणाली. मी म्हणालो, उभं राहून ऐकणाऱ्याला भिंत ऐकू येते, बस. मग ती काठावर बसली, गुडघे जुळवून, आणि मी भिंतीपाशी गेलो, जिथून मी बारा वर्षं इनागाकीसानांची मान बघितली होती. म्हातारी वाजवायला लागली. कुमेने दुसऱ्याच मिनिटाला डोळे मिटून म्हटलं, "चार दिवस लागतील. पहिल्या सहा खेपांकडे परत जावं लागेल." कुणी बोलायच्या आधी ती बोलली होती हे तिच्या लक्षात आलं नाही. "आणि एक," मी म्हणालो, "समज तुला ऐकू येईनासं झालं." ती वळून म्हणाली, "मला सांगणारी माणसं मी आधीच शोधून ठेवीन." मला जे उत्तर एकोणीस वर्षांपूर्वी द्यायला हवं होतं त्याच्यापेक्षा हे किती तरी बरं होतं.

सहाच्या सुमारास मी रोकुगोच्या पुलावरून घरी निघालो. नेहमी चालतच जातो, नदीपलीकडे कावासाकीत आमचं घर. वाऱ्यात गवताचा वास होता, नोव्हेंबरचं गवत, वाळलेलं. त्यात किडे असतील किंवा नसतील. पुलाच्या मध्यावर थांबून मी कान दिला, वाहनं ऐकू आली, पाणी ऐकू आलं, एका कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. एवढं पुरे आहे एखाद्या माणसाला, असं मी स्वतःशी म्हणालो आणि मला ते पटलं नाही. मग दुसराच विचार आला आणि पाय आपोआप भराभर पडायला लागले. हा नवा अॅम्प्लिफायर तर कुमे सुधारेल. पण सहा वर्षांपूर्वीचा? तोही मीच ठरवला होता, सत्तेचाळिसाव्या वर्षी, माझा सगळ्यात गाजलेला, मासिकांनी स्वच्छ, लखलखीत म्हणून डोक्यावर घेतलेला. त्याचा पहिला नग कंपनीने मला भेट दिला होता. आमच्या बैठकीत तो आहे. त्यावर ट्रेबलचं, म्हणजे वरच्या स्वरांचं, बटण आहे, ते घड्याळाच्या काट्यासारखं सरळ बारावर असावं लागतं, कारण बारावर ते नसल्यासारखं असतं, म्हणजे मी ठरवलेला आवाज जसाच्या तसा. आणि मी घरी येऊन बघावं तर ते रोज दहाच्या जागी फिरलेलं. फुसाए धूळ पुसताना फडकं बटणांवरून ओढते, त्याने फिरतं. सुरुवातीला मी तिला म्हणालो होतो, जरा जपून पुसत जा. ती "बरं" म्हणाली. पुढे मी बोलणं सोडून दिलं, रोज आलो की कोट काढायच्या आधी बटण बारावर आणून ठेवायचो. सहा वर्षं. बासचं, खालच्या स्वरांचं बटण मात्र कधी फिरलेलं नसायचं, शेजारीच असूनही.

फुसाए स्वयंपाकघरात मुळा किसत होती. "अहो, आज लवकर?" ती म्हणाली. बैठकीत तिची आवडती गाण्याची तबकडी हळू आवाजात चालू होती. बटण दहावर होतं. मी कोट न काढता त्याच्यासमोर उभा राहिलो. हात सवयीने वर गेला होता, तो मी खाली घेतला.

"फुसाए, हे पुसताना फिरतं का गं?"

किसणी थांबली. ती दारात आली, हाताला मुळ्याचं पाणी. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं तिला कुणास ठाऊक, ती खोटं बोलली नाही. "नाही हो. मीच फिरवते. तुम्ही यायच्या आत परत सरळ करायचं असतं, राहून जातं."

"टोचतं?"

"थोडं. मुळ्याचा किस नाकाशी आल्यासारखं... छे, काहीतरीच बोलले. थोडं टोचतं इतकंच."

"सहा वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमचा आवाज आहे तो," फुसाए म्हणाली. "लोक एवढं नावाजत होते. मला वाटलं, मलाच ऐकायचं कळत नसेल. आणि तुम्ही रोज इतक्या मनापासून ते सरळ करायचात."

मी कोट काढला. बैठकीतही मधोमध एकच खुर्ची आहे, माझी, ती मी ओढून नीट लावली आणि फुसाएला बस म्हणालो. ती म्हणाली, हात ओले आहेत. मी म्हणालो, असू देत. ती बसली, ओले हात मांडीवर उलटे ठेवून, परक्या घरी बसल्यासारखी. मी बटण आधी पार बारावर नेलं. तिच्या डोळ्यांच्या कडेला एक सुरकुती पडली, अगदी लहान, मी कधी तिच्याकडे बघत ऐकलंच नव्हतं. मग मी ते हळूहळू डावीकडे फिरवायला लागलो, तिच्या चेहऱ्याकडे बघत. माझ्यासाठी गाणं होतं तसंच होतं. अकरा. त्याच्याही खाली. बाई गात होती. जरासं अजून. सुरकुती गेली.

"थांबा," फुसाए म्हणाली.

मी हात काढला. बटण दहावर होतं, मला रोज सापडायचं बरोबर तिथे.